उतारा वाचा आणि उत्तरे लिहा

‘झिमराळ प्रदेशात दरवर्षी खुपटे लोंबाळतात. खुपटे लोंबाळण्याचे मुख्य कारण म्हणजे तेथील फरडी हूळ. लोंबाळलेल्या खुपट्यांपासून ढोमी लोक मिरघा तयार करतात. मिरघ्याचे दोन प्रकार आहेत : उभा मिरघा आणि आडवा मिरघा.’

प्र. १. खुपटे कोठे लोंबाळतात? प्र. २. खुपटे लोंबाळण्याचे मुख्य कारण कोणते? प्र. ३. रिकामी जागा भरा : ढोमी लोक ______ तयार करतात. प्र. ४. मिरघ्याचे प्रकार किती व कोणते?

चारही उत्तरं तुम्हाला आली असणार. पैकीच्या पैकी मार्क. हा उतारा मी एका दुपारी चहा पिता पिता रचला आणि त्याला काडीचाही अर्थ नाही. आठवीच्या एका वर्गाला मी तो दिला तेव्हा वर्गाने निमूटपणे माना खाली घातल्या आणि उत्तरं लिहिली. शेवटी मी मुद्दाम ‘तुमचे मत लिहा’ असा एक प्रश्न ठेवला होता. त्यावर एकाने लिहिलं, ‘मिरघा आरोग्यास उपयुक्त आहे.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आपण मिरघ्याचे जतन केले पाहिजे.’ वर्गात एकच मुलगी अशी निघाली, जिने हात वर करून विचारलं, “मॅडम, मिरघा म्हणजे काय?” तिच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. उत्तर खाली सरळ दिसत असताना ही असलं काय विचारते, असा भाव होता त्यात.

मी हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर हातात वेळ आला आणि एक जुनी मैत्रीण केंद्रप्रमुख असल्यामुळे मला शाळांच्या दारातून आत जाता येऊ लागलं. पोरांना त्यांचंच पाठ्यपुस्तक वाचून कळतं का, एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही दोघी हिंडतो. दुसऱ्या कुणाचं नाही, त्यांच्या दप्तरातलं, बालभारतीचं, ज्यावर वर्षभर सगळा गाडा चालतो ते पुस्तक. प्रश्न इतका साधा आहे की तो कुणी विचारतच नाही. पुस्तक पाचवीचं आहे आणि मूल पाचवीत आहे म्हटल्यावर दोघांचं जमत असणार, असं धरून चालतात.

नाही म्हणायला वाचनाच्या चाचण्या खूप होतात. शिक्षकांना विचारा, त्यांच्या तोंडून एक लांबलचक उसासा निघेल. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, मधल्या काळात वरून आलेली आणखी काही, आणि प्रत्येकीचे गुण कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर भरायचे. बाहेरून येणारी सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची ‘असर’. २००५ सालापासून त्यांचे कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांपुढे एक कागद धरतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ती दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा ४८.८ झाली. या आकड्यांवर दर वेळी अग्रलेख येतात, आणि ते यावेतच. पण पाचवीतल्या ज्या निम्म्या मुलांना ती गोष्ट वाचता आली, त्यांचं पुढे काय? त्यांच्यापुढे दुसरीची गोष्ट नसते. त्यांच्यापुढे पाचवीचा परिसर अभ्यास असतो.

‘निपुण भारत’ हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ साली आलं, त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट आहे. ‘अर्थासह’ हा भाग कागदावर आहे. वर्गात काय होतं? मोबाइलवर मिनिट लावलं जातं आणि शब्द मोजले जातात. अर्थाला घड्याळ लावता येत नाही, म्हणून तो मागे पडतो.

मराठीची एक गंमत इथे आड येते. इंग्रजी वाचणाऱ्या पोराला शब्द माहीत नसला तर तो उच्चारात अडखळतो, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की गाडी रुतली. आपली लिपी इतकी सरळ आहे की एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं हाताशी आली, की जन्मात न ऐकलेला शब्दही मूल बिनचूक वाचतं. ‘सांद्रीभवन’ वाचायला पाचवीच्या पोराला अजिबात त्रास होत नाही. ‘सत्तेचे विकेंद्रीकरण’ तो असा खणखणीत वाचतो की आता जिल्हा परिषदेत उभा राहील. रफार, ऱ्या, ष्ट्य, सगळं पार. आणि आपण, म्हणजे आई-बाप, शिक्षक, तपासणीला आलेले साहेब, आवाज ऐकून खूश होतो. ‘फाडफाड वाचतो हो!’ आपल्याकडे न कळणं कानाला ऐकूच येत नाही. गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं होतं : अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचनाचं आकलन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य. आमच्या मुलांची पहिली बाजू पुष्कळदा भक्कम असते, आणि तिच्याच आवाजात दुसरी झाकली जाते.

म्हणून आम्ही मोठ्याने वाचून घेणं सोडून दिलं आणि कोऱ्या जागांकडे वळलो. पद्धत जुनी आहे. विल्सन टेलर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ साली ती मांडली. सलग उतारा घ्यायचा, पहिलं वाक्य तसंच ठेवायचं आणि पुढे दर पाचवा शब्द खोडून तिथे सारख्या लांबीची रेघ मारायची. मुलाने संदर्भावरून शब्द भरायचा. आमच्या स्वाध्यायातल्या ‘रिकाम्या जागा भरा’शी याचं नातं फक्त दिसण्यापुरतं. तिथे शिक्षक नेमका महत्त्वाचा शब्द गाळतात आणि मूल तो पाठांतरातून काढतं. इथे शब्द आंधळेपणाने गळतो, कधी ‘पाऊस’ जातो, कधी ‘म्हणून’ जातो. ‘म्हणून’च्या जागी ‘पण’ भरणारं मूल ते वाक्य कुठे चाललंय हे जाणत नाही, आणि हे दुसऱ्या कुठल्याही प्रश्नातून इतकं उघडं पडत नाही.

टेलरबद्दल मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी, की तो पोरांची परीक्षा घ्यायला निघालाच नव्हता. त्याला मजकुराची परीक्षा घ्यायची होती, कोणता मजकूर किती सुगम आहे याची. पुढे ही पद्धत वाचणाऱ्यांना मोजायला वापरली जाऊ लागली आणि बोरमथ नावाच्या अभ्यासकाने इंग्रजीसाठी एक रेषा ठरवली : साधारण ४४ टक्के जागा अगदी मूळ शब्दाने भरल्या, तर मूल शिक्षकाच्या मदतीने तो मजकूर पेलू शकतं. हा आकडा उचलून मराठीत आणायचा मोह आम्हाला झाला नाही असं नाही, पण तो आणण्यात अर्थ नव्हता. इंग्रजीत पाचवा शब्द कितीदा तरी छोटासा, आपोआप सुचणारा असतो. आपले प्रत्यय नामाला चिकटलेले, ‘शाळेसमोरच्या’ हा एकच शब्द. तो गाळला की पोराला शाळा, तिच्या समोर, आणि पुढच्या नामाचं लिंग-वचन, एवढं सगळं एका रेघेवर आणायचं. आपली कोरी जागा जास्त जड. तेव्हा पद्धत घेतली, रेषा घेतली नाही. एकाच वर्गात दोन उतारे ताडून पाहायचे, एवढंच ठेवलं.

आणि तिथेच गंमत सुरू झाली.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत, द्राक्षबागांच्या ऐन मधोमध, सहावीतला एक मुलगा होता. वर्गशिक्षकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “याला सोडा मॅडम, हा कच्चा आहे.” विज्ञानाच्या पुस्तकातल्या उताऱ्यावर त्याने तीन-चार जागा भरून पेन्सिल चावायला घेतली. मग मी आदल्या रात्री लिहून आणलेला दुसरा उतारा दिला. तितकाच लांब, वाक्यंही तितकीच वाकडी, विषय फक्त बागेचा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी हा बुरशीचा रोग आल्यावर काय होतं, अवकाळीने मणी का तडकतात. पोरगा सुटला. भरता भरता त्याने माझी एक चूकही काढली, औषध फवारण्याच्या वेळेबद्दलची. त्या वर्गात पहिला नंबर येणारी मुलगी तालुक्याच्या गावातून येणारी, वडील नोकरदार. ती या उताऱ्यावर मध्येच अडकली. रेख्ट आणि लेस्ली या दोघींनी १९८८ मध्ये अमेरिकेत बेसबॉलवरचा मजकूर देऊन हेच दाखवलं होतं : खेळ माहीत असलेली ‘कच्ची’ मुलं, खेळ माहीत नसलेल्या ‘पक्क्या’ मुलांपेक्षा सरस ठरली. तो अभ्यास मी पूर्वी वाचला होता. पण शेजारी बसलेल्या सरांचा चेहरा पाहणं वेगळं. ते बराच वेळ तो कागद उलटसुलट करत राहिले.

याचा अर्थ सगळी पुस्तकं द्राक्षांवर लिहा असा नाही. निफाडच्या पोराने समुद्रही वाचला पाहिजे आणि संसदही. मुद्दा इतकाच, की मूल ‘कच्चं’ आहे हा निकाल आपण ज्या कागदावर लावतो, त्या कागदाचाही निकाल लागायला हवा.

नाशिक शहरात गंगापूर रोडच्या एका शाळेतला अनुभव याच्या उलट बाजूचा. मुलं चुणचुणीत, घरी पुस्तकं, आई-वडील शिकलेले. शेतीवरच्या मजकुरात ‘बांधावर तूर लावतात’ असं वाक्य होतं. बांध म्हणजे शेताच्या कडेचा मातीचा उंचवटा नव्हे, तर धरण, अशी जवळजवळ सगळ्या वर्गाची समजूत. मग धरणावर तूर का लावतात, याची त्यांनी फार सुंदर कारणं दिली. पाणी जवळ असतं म्हणून. भिंत पक्की राहते म्हणून. मूल बुद्धिमान असलं की न कळलेल्या गोष्टीवरही किती मजले चढवतं बघा.

नदीचंही तसंच. पंचवटीतल्या पोरांना गोदावरीचा उगम तोंडपाठ, ब्रह्मगिरी, त्र्यंबकेश्वर. उताऱ्यात खोरं, उपनद्या, पाणलोट क्षेत्र हे सगळं होतं आणि कोऱ्या जागा कोऱ्याच राहिल्या. मी कागद बाजूला ठेवून विचारलं, “इथे पाऊस नसतानाही पूर कसा येतो रे?” सगळे एकदम बोलायला लागले. तिकडे वर पाऊस पडतो, गंगापूर धरण भरतं, पाणी सोडतात, भोंगा होतो, दुकानदार टपऱ्या हलवतात, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की किती, छातीला लागलं की किती. एकाच्या काकाचं दुकान सरदार चौकाजवळ होतं, त्याला तर क्युसेकमधले, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं याचे, आकडे येत होते. म्हणजे पाणलोट क्षेत्राचा सगळा धडा त्यांच्याजवळ होता. पुस्तकातली नदी आणि घाटावरची नदी एकच आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. (त्यात नाशिककर नदीला गंगाच म्हणतात. एका चिमुरड्याचा ठाम समज होता की गंगा इथे आहे आणि गोदावरी त्र्यंबकला.)

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघतं, ही म्हणूनच मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. पोराला माहीत असलेला डोंगर पुस्तकात सापडतो. त्यानंतर मात्र पुस्तक भराभर मोठं होतं आणि वाक्यंही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘सह्याद्रीत उगम पावून पठारावरून वाहत जाणाऱ्या नद्यांनी वाहून आणलेल्या गाळामुळे सुपीक झालेल्या खोऱ्यांत’ इथपर्यंत पोहोचेपर्यंत मूल सह्याद्री विसरलेलं असतं आणि कोण काय करतंय हे अजून आलेलंच नसतं. या धर्तीचं वाक्य आम्ही तोडून चार केलं. माहिती तीच, एकही कठीण शब्द काढला नाही, फक्त प्रत्येक वाक्याला त्याचं स्वतःचं क्रियापद दिलं. त्याच वर्गाने नव्या कागदावरच्या कितीतरी जास्त जागा भरल्या. पुस्तक लिहिणाऱ्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. ठरलेल्या पानांत ठरलेला अभ्यासक्रम बसवायचा तर वाक्यं फुगतातच. पण छापण्याआधी पेठच्या, सटाण्याच्या, सातपूरच्या एकेका वर्गात कोऱ्या जागांचा एक कागद फिरवायला काय जातं?

सटाण्याचं नाव उगाच घेतलं नाही. बागलाण, देवळा, मालेगाव, कळवणचा काही भाग, इथे घरात अहिराणी. सुरगाणा-पेठकडे कोकणा समाजाची डांगी-कोकणी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागच्या वस्त्यांत हिंदी, भोजपुरी. या सगळ्यांना पुस्तक एकच. बागलाणातल्या एका वर्गात चौथीच्या मुलीने ‘मुलगा’ छापलेलं असताना ‘पोऱ्या’ वाचलं आणि पुढे गेली. बाईंनी लगेच थांबवलं, “नीट वाच.” मला मात्र वाटलं, हिला टाळी द्यावी. तिने अक्षरं पाहिली, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत बाहेर काढला. केनेथ गुडमन नावाच्या अभ्यासकाने सगळं आयुष्य असल्या चुका गोळा करण्यात घालवलं आणि सांगितलं की काही चुका मूल समजून वाचतंय याचा पुरावा असतात. शब्द मोजणाऱ्या चाचणीत त्या मुलीचा एक शब्द कमी झाला. ‘मुलगा’ बरोबर वाचणाऱ्या तिच्या शेजाऱ्याला, गोष्टीतल्या मुलाने काय केलं ते सांगता आलं नाही. त्याचे शब्द मात्र पूर्ण भरले.

सेमीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण लांबवलं तर भांडण होईल. गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत, ही व्यवस्था पालकांना मनापासून हवी असते आणि त्यामागची त्यांची भीती खरी आहे. पण सहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक घेऊन दर पाचवा शब्द खोडून बघा. आम्ही बघितलं. ‘फोटोसिंथेसिस’ची व्याख्या पोरं एका दमात म्हणतात, आणि त्या व्याख्येच्या शेजारच्या वाक्यात ‘बिकॉज’च्या जागी काय यावं हे त्यांना सुचत नाही. पुस्तक त्यांच्यासाठी वाचायची वस्तू राहिलेलीच नाही. शिक्षक मराठीत समजावून सांगतात, क्लासवाले नोट्स देतात, गाईडमध्ये उत्तरं असतात, पुस्तक दप्तराचं वजन वाढवतं. एका आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “अहो पण मार्क येतात ना.” येतात. तिथेच तर सगळं अडलंय.

घरी बघायचं असेल तर एमेट बेट्स यांनी १९४६ साली दिलेली मोजपट्टी हाताशी आहे, तीही मूळची इंग्रजीची, पण अंदाजापुरती चालते. शंभर शब्दांच्या मजकुरात पाचपर्यंत शब्द अडले तर मूल शिकवणाऱ्याच्या मदतीने शिकू शकतं. दहाच्या वर अडले की ते नुसतं वैतागतं. आपल्या लिपीमुळे ‘अडले’ याचा अर्थ मात्र बदलून घ्यावा लागतो, उच्चार अडला नव्हे, अर्थ अडला. म्हणजे मोठ्याने वाचून घेण्यापेक्षा पोराच्या हातात पेन्सिल द्यावी आणि न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायला सांगावं. पहिल्यांदा एकही रेघ येणार नाही. आपल्याला कळलं नाही हे कबूल केलं की बोलणी बसतात, हे मुलं पहिलीतच शिकलेली असतात. तुम्ही आधी स्वतःच्या वर्तमानपत्रावर रेघा मारून दाखवा. माझ्या एका भाचीने नवऱ्याला अर्थसंकल्पाचं पान दिलं. तो म्हणाला, “हे सोडून दुसरं काही दे.”

शिक्षकांकडून आम्हाला विरोध झाला का? झाला, आणि पहिल्यांदा मला रागही आला, पण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. एका गुरुजींनी हात जोडले, “ताई, हे फार चांगलं आहे. फक्त वर कुणाला सांगू नका. उद्या याचंही पोर्टल निघेल.” खरंच निघेल. मग दर पाचव्या शब्दाच्या उत्तरांचं गाईड निघेल, मुलं कोऱ्या जागा पाठ करतील आणि तालुका शंभर टक्के होईल. शिवाय कागद दाखवतो काय? या पानाशी या पोराचं जमत नाही, इतकंच. पुढे करायचं काय, तर ते पान वर्गात बसून मोडून वाचायचं, तोडायचं, बोलीत बोलायचं, घाटावर न्यायचं. याला वेळ लागतो, आणि अभ्यासक्रम ‘पूर्ण’ करण्याच्या तारखेत तो वेळ धरलेला नसतो. ज्यांनी केलं त्यांनी स्वतःच्या हिकमतीवर केलं. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या तरुण सरांनी तर उलटंच सुरू केलं : मुलंच उतारा निवडतात, मुलंच शब्द खोडतात आणि सरांनी भरायचा. सर चुकले की वर्ग डोक्यावर घेतात. पण शब्द खोडायचा तर आधी पूर्ण उतारा समजून घ्यावा लागतो, हे पोरांच्या ध्यानात आलेलं नाही, किंवा आलंय आणि ती बोलत नाहीत.

आता माझा आणि मैत्रिणीचा वाद एकाच गोष्टीवर अडलाय. बरोबर कशाला धरायचं? टेलरच्या रीतीप्रमाणे मूळ शब्दच हवा, समानार्थी चालत नाही, कारण एकदा सूट दिली की प्रत्येक तपासणारा आपापली सूट देतो आणि दोन वर्गांची तुलना संपते. ती याच मताची. तिने आयुष्यभर गुणपत्रकं पाहिली आहेत, तिला हे कळतं. मी दुसऱ्या बाजूची. जलचक्रावरच्या उताऱ्यात, ‘वर गेलेली वाफ ______ तिचे थेंब बनतात’ या वाक्यात छापील शब्द होता ‘थंडावून’. पेठच्या एका मुलीने लिहिलं, ‘दमून’. मी बरोबरची खूण केली, मैत्रिणीने खोडली. मी म्हटलं, या मुलीला वाफ वर जाताना दिसतेय, तिथे तिचं बळ कमी होताना दिसतंय, ती खाली येणार हेही कळलंय. मैत्रीण म्हणाली, वाफ दमत नाही, आणि विज्ञानाच्या पेपरात तिने ‘दमून’ लिहिलं तर तिला कुणी अर्धा मार्कही देणार नाही, तेव्हा तू तिचं भलं करत नाहीयेस. त्या कागदावर अजून दोन्ही खुणा आहेत, तिची लाल आणि माझी निळी, आणि गुणांच्या रकान्यात आम्ही काहीच लिहिलेलं नाही.